सोलापूरहून अंदमान: वद्य अष्टमी गाठा, सकाळ पाण्यात काढा

अंदमानला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी शाळेच्या सुट्ट्या बघतात, मग विमानाचे दर, मग हॉटेल. समुद्राचं वेळापत्रक कुणी बघत नाही. मग हजारो रुपये मोजून माणूस किनाऱ्यावर पोचतो, तेव्हा पाणी गढूळ असतं, बोट रद्द झालेली असते किंवा ओहोटीमुळे प्रवाळ उघडं पडलेलं असतं. सोलापूरकरांना रस्त्यानं सर्वांत जवळचा समुद्रही तीनशे किलोमीटरहून दूर, त्यामुळे भरती-ओहोटीचा हिशेब अंगवळणी नसतो. तो शिकायला एक पंचांग आणि अर्धा तास पुरतो. सहलीची निम्मी तयारी त्यातच आहे.

महिना आणि तिथी

नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातच दाखल होतो, म्हणजे आपल्याकडे मृगाची वाट बघायला सुरुवात होते त्याच्या बऱ्याच आधी. सप्टेंबरपर्यंत तो राहतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. म्हणून दिवाळीची सुट्टी सोयीची वाटली तरी धोक्याची आहे. वादळाचा इशारा आला की बोटी बांधून ठेवतात आणि पाण्यातले सगळे खेळ बंद होतात. गड्ड्याची यात्रा आटोपली की, म्हणजे जानेवारीअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, समुद्र सर्वांत शांत असतो. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च उत्तम. मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिलच उरत असेल तर पहिला पंधरवडा धरा. एप्रिल-मेमध्ये समुद्र सर्वाधिक तापतो. २०१० आणि २०१६ साली अशाच तापलेल्या पाण्यामुळे इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं.

महिना ठरला की पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी, बेटांमधल्या चिंचोळ्या जागांतून पाणी जोरानं वाहतं आणि तळाची वाळू वर येते. अष्टमीच्या आसपास उलट. भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, ओढ मंदावते आणि पाणी नितळ राहतं. कोकणात याला भांग म्हणतात. हा परिणाम तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक जाणवतो, म्हणून डायव्हिंगला, म्हणजे पाण्याखाली उतरायला, नवमी-दशमी चांगली.

आता शुद्ध अष्टमी की वद्य? वद्य घ्या. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळीकुट्ट मिळते. हॅवलॉक बेटावर रात्री कयाकमधून जाऊन पाण्यातले चमकणारे सूक्ष्मजीव बघायचे असतील तर अंधार हवाच. चांदण्यात वल्ह्याभोवतीची ती निळसर चमक विरून जाते. शिवाय पुढे तीन-चार दिवसांनी, एकादशी-द्वादशीला नील बेटावर असलात की ओहोटी मोठी होऊ लागलेली असते आणि तिथला नैसर्गिक दगडी पूल, खडकांतली डबकी, त्यातले खेकडे आणि समुद्रकाकड्या बघता येतात. एकाच फेरीत तिन्ही गोष्टी साधतात. वद्य षष्ठी-सप्तमीला पोर्ट ब्लेअरला उतरायचं, एवढं धरून तिकिटं काढा.

भरतीची रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आडाखा इथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक मोबाईलवर घेऊन ठेवा, कारण बेटांवर नेटवर्कचा भरवसा नाही.

जायचं कसं

नावांचा घोळ आधी मिटवू. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर जुनं-नवं दोन्ही दिसू शकतं, गोंधळू नका.

सोलापूरला सोयीचे रस्ते दोन. मुंबई-चेन्नई लोहमार्ग सोलापुरातूनच जातो. रात्रीचा प्रवास करून चेन्नई गाठायची आणि तिथून विमान. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर या दोन्ही स्थानकांपाशी मेट्रो आहे आणि तिनं विमानतळावर जाता येतं. दुसरा रस्ता हैदराबादचा. राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून गाडीनं पाच-सहा तास, आणि तिथून थेट विमान नसलंच तर चेन्नई किंवा बंगळूरमार्गे. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सव्वादोन तासांच्या आसपास. जहाजही जातं, पण त्याला अडीच-तीन दिवस लागतात; नोकरदारांनी त्या फंदात पडू नये.

रेल्वे आणि विमान एकाच दिवशी जोडू नका. गाडी चार तास उशिरा आली तर विमान जातं, त्यामागोमाग हॅवलॉकची बोट जाते आणि ठरवलेलं डायव्हिंगही जातं. चेन्नईत एक रात्र मुक्काम करा. परतीला आणखी एक नियम कडक पाळायचा, तो पुढे येईल.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीनं दीड तासाच्या आसपास, सरकारी बोटीनं अडीच तास. हॅवलॉक ते नील पाऊण ते एक तास. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं, आणि सुटण्याच्या तासभर आधी जेट्टीवर हजर राहायचं. हंगामात खासगी बोटी भरतात, म्हणून विमानाचं तिकीट झालं की त्याच दिवशी बोटीचं काढा. नेहमी सकाळची बोट घ्या. दुपारनंतर वारा वाढतो, आणि सकाळची बोट रद्द झाली तर निदान दुपारची आशा उरते. भारतीयांना हॅवलॉक, नीलसाठी परवाना लागत नाही. निकोबार पर्यटकांसाठी खुलं नाही.

आठ रात्री हव्यात. पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील दोन, परत पोर्ट ब्लेअर दोन. यातला हॅवलॉकचा एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. वारा सुटला, कान दुखला, बोट बुडली म्हणजे रद्द झाली, तर तो दिवस कामी येतो. चार रात्रींत सगळं दाखवणारी पॅकेजं मिळतात; त्यांत बोटींच्या रांगेतच निम्मा वेळ जातो.

घड्याळ

सोलापूर आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशात जवळपास सतरा अंशांचा फरक आहे, घड्याळ मात्र एकच. म्हणून तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि मावळतो. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्यास्त. नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्याचा दिवस तिथे निम्मा संपलेला असतो. पाच वाजता उठा, साडेसहा-सातला पाण्यात उतरा. वारा पडलेला, पाणी स्थिर, मासे चरायला बाहेर आलेले. अकरानंतर जेवण आणि झोप. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारलाच पोचायला हवं. तिथलाच कालापत्थर किनारा पूर्वेला आहे, तो पहाटेचा.

घरी करायची तयारी

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. विहिरीत डोकं वर ठेवून पोहायची सवय असते, आणि सूर मारायची किंवा मुटका मारायची हौस. समुद्रात प्रवाळावर कमरेएवढं पाणी असतं, तिथे सूर मारला तर मान मोडते. विहिरीला ओढ नसते आणि चार हातांवर कठडा असतो. समुद्रात ओढ दिसत नाही, आणि मागे वळून बघावं तेव्हा किनारा बराच लांब गेलेला असतो. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं हे खरं, पण त्या भरवशावर लाइफ जॅकेट काढू नये. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाहेर या, मग आत वळा.

पोहणं येत नसलं तरी स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून, तरंगत पाण्याखाली बघणं) आणि पहिलं स्कूबा (हवेची टाकी घेऊन खाली उतरणं) करता येतं. पण पाण्यात तोंड बुडवून तोंडानं श्वास घ्यायची सवय आधी हवी, कारण तिथे घाबरणारे बहुतेक लोक इथेच अडकतात. जायच्या दोन आठवडे आधी शहरातल्या पोहण्याच्या तलावावर मास्क आणि स्नॉर्केल घेऊन पाच-सहा वेळा जा. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून चेहरा बुडवा आणि दोन मिनिटं सावकाश श्वास घ्या. तलावात हे जमलं की समुद्रात धडधडत नाही. हिप्परग्याच्या तलावात हा प्रयोग करू नका. खोली समजत नाही आणि पाणी गढूळ असतं.

मास्क विकत घेत असाल तर दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, कारण रबराची कड केसांवर बसते. मिशीची वरची, नाकालगतची कड थोडी कातरा किंवा तिथे व्हॅसलीन लावा. बायकांनी कपाळावरचे केस कडेखाली येऊ देऊ नयेत. काच धुरकट होऊ नये म्हणून लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं विसळून घ्या.

सामानात सोलापुरी टेरी टॉवेल नेऊ नका. आपल्या हवेत तो तासाभरात वाळतो, तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओला आणि कुबट. दोन पातळ पंचे न्या. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा शर्ट न्या. स्नॉर्केलिंग करताना पाठ तासभर उन्हात असते, पाण्याच्या गारव्यामुळे चटका कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. बेचाळीस अंशांत वावरणाऱ्यांनाही हा अनुभव नवा असतो. शर्ट असला की सनस्क्रीनही कमी लागतं, आणि त्यातलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला अपाय करतं. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. रोख पैसे पुरेसे घ्या, विशेषतः नीलसाठी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बोटीच्या दिवशी फार उपयोगी पडते. चटणी मोठ्या बॅगेत टाका.

बोट लागत असेल तर अॅव्होमिनसारखी गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून. तिनं झोप येते, म्हणून ज्या दिवशी डायव्हिंग आहे त्या दिवशी ती नको. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. बोटीच्या मध्यात, खालच्या मजल्यावर बसा आणि मोबाईल न बघता क्षितिजाकडे बघा.

स्कूबा: पहिल्यांदा उतरताना

पहिल्या डाइव्हला वयाची किमान अट १० वर्षं, आणि खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, यातलं काही लपवू नका. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर सोलापूरहून निघतानाच डॉक्टरांचं लेखी पत्र घ्या. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. तो मोकळा दिवस याचसाठी ठेवला आहे. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना कान-कपाळ फुटल्यासारखं दुखतं.

दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्यातली सर्वाधिक वाढ सुरुवातीच्या काही मीटरांत जाणवते, म्हणून कान तिथेच दुखतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, आणि ती दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखलं की खाली रेटायचं नाही. मीटरभर वर यायचं, पुन्हा फुंकर, मग खाली. जोर लावला तर पडदा फाटू शकतो. दुसरा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. श्वास धरून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

खुणा आधी पाठ करा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. मजेत आहोत म्हणून अंगठा दाखवणारे पाचव्या मिनिटाला वर आणले जातात. तळहात आडवा धरून डोलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग ज्या ठिकाणी त्रास आहे तिकडे बोट दाखवा.

डाइव्ह ठरवताना तीन गोष्टी विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? पहिल्यांदा उतरणाऱ्याला एकास एकच हवा. उथळ पाण्यात सराव किती वेळ घेणार? मास्कमधलं पाणी काढणं आणि तोंडातला नळा निघाला तर परत लावणं, हे दोन्ही करून घेतल्याशिवाय खोलात नेत असतील तर नको म्हणा. आणि किनाऱ्यावरून उतरणार की बोटीतून? तंबाखू-मावा खाणाऱ्यांनी तोंड स्वच्छ करून यावं. नळा दातांत धरून अर्धा तास काढायचा असतो.

आता परतीचा नियम. डाइव्हमध्ये दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास विमान टाळायचं. आम्ही सरळ २४ तास सांगतो. म्हणून स्कूबा हॅवलॉकला, पहिल्या निम्म्यात. शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरचे.

खोलात जायचं नसेल तर सी-वॉक आहे. डोक्यावर शिरस्त्राण, त्यात वरून हवा, पाच-सात मीटरवर चालायचं. चष्मा घालूनही करता येतं. पण तळ तुडवला जातो, आणि आम्हाला त्यापेक्षा एलिफंट बीचवरचं साधं स्नॉर्केलिंग अधिक मोलाचं वाटतं. तिथे हॅवलॉक जेट्टीवरून बोटीनं किंवा जंगलातून चालत जाता येतं.

प्रवाळ, मगरी आणि वाळूतल्या माश्या

प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. फांदीसारखी जातसुद्धा वर्षाला काही सेंटीमीटरच वाढते आणि एका लाथेनं तुटते. पाण्यात उभं राहू नका, आडवे तरंगा. दमलात तर पाठीवर वळा. हात लावलात तर तुम्हालाही भोगावं लागतं: प्रवाळाची जखम दमट हवेत लवकर चिघळते, म्हणून लगेच साबण-पाण्यानं धुवून औषध लावा. दगडमासा किंवा सिंहमासा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. उष्णतेनं त्या विषाचा जोर कमी होतो.

इथल्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरजवळ मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक स्त्रीचा जीव गेला. फलक लावलेल्या जागी, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. वाळूतल्या बारीक माश्या पहाटे-संध्याकाळी चावतात आणि आठवडाभर खाज राहते. घोट्यांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, ओल्या वाळूवर थेट बसू नका.

पोर्ट ब्लेअरच्या शेवटच्या दोन दिवसांत एक दिवस वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्या. १९८३ साली स्थापन झालेल्या या उद्यानात जॉली बॉय बेटावर नेतात. परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी बंद, आणि प्लास्टिकला बंदी. दुसऱ्या दिवशी चिडिया टापूचं जंगल आणि सेल्युलर जेल. सात पाकळ्यांच्या त्या इमारतीच्या तीनच पाकळ्या उरल्या आहेत. दुपारच्या उन्हाची वेळ तिथे घालवा. बाराटांगची चुनखडीची गुहा आणि खारफुटीतून जाणारी होडी सुंदर आहे, पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, ताफ्यानं जातो. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं गुन्हा आहे. माणसं बघायच्या उद्देशानं तिथे कुणी जाऊ नये.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका. मेलेलं प्रवाळही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, विमानतळावर बॅगा तपासतात आणि मुलानं खिशात घातलेला तुकडाही अडचणीत आणतो. आदल्या रात्रीच पोरांचे खिसे आणि बॅगेचे कोपरे बघून ठेवा.

सोलापूरला आल्यावर कान दडपल्यासारखा वाटला किंवा पाणी साठल्यासारखं झालं तर काडी घालू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. शेवटच्या डाइव्हनंतर दिवसभरात सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा विलक्षण थकवा वाटला तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब दवाखान्यात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही समुद्रात किती खोल, किती वेळा आणि कधी डाइव्ह केलीत. आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर असा रुग्ण क्वचित येतो, तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना ते सुचायचं कसं?